ग्लिसरॉलमध्ये आकसलेल्या पेशी न धुता परत फुगल्या, असं का?

काचपट्टी

रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या बाजूची साल काढून रससंकोचाचा (पाणी बाहेर गेल्याने पेशीतला जिवंत गोळा आकसून भिंतीपासून सुटतो, त्याचा) प्रयोग लावला आहे. द्रावणं चार: सुक्रोज ०.५ मोलर, ग्लिसरॉल ०.५ मोलर, युरिया ०.५ मोलर आणि सोडियम क्लोराइड ०.२५ मोलर (दोन आयन सुटतात म्हणून निम्मं). पुस्तकी हिशेबाने चारही अतिपरासारी, म्हणजे पेशीरसापेक्षा तीव्र, आणि जवळपास सारख्याच ताकदीची. दिसलं मात्र वेगवेगळं.

सुक्रोज: दहा मिनिटांत जांभळा गोळा भिंतीपासून सुटला, दोन तासांनीही तसाच.
मीठ: सुरुवातीला तसंच, पण दोन तासांनी बऱ्याच पेशींचा रंग गेलेला.
ग्लिसरॉल: पाच-दहा मिनिटांत पेशी आकसल्या आणि पुढच्या दीड तासात, स्लाइडला हातही न लावता, बहुतेक परत भरल्या.
युरिया: आकसल्या, सावकाश परत फुगू लागल्या, आणि काहींचा जांभळा रंग निळसर झाला.

१) बाहेर अतिपरासारी द्रावण तसंच असताना पाणी परत आत कसं गेलं? सोडियम-पोटॅशियम पंपाने ओढून घेतलं का?
२) परत भरलेल्या पेशी जिवंत आहेत की मेलेल्या?
३) निळा रंग कशामुळे?
४) १०० मिलि पाण्यात १७.१ ग्रॅम सुक्रोज घातलं, ते ०.५ मोलरच ना?

अर्धपारगम्य

निरीक्षणं अगदी बरोबर आहेत, घोळ फक्त 'अतिपरासारी' या शब्दात आहे. ०.५ मोलर हा आकडा बाटलीतल्या द्रावणाचा. ते द्रावण पेशीसाठी अतिपरासारी आहे की नाही, हे भिंतीच्या आतलं, पेशीभोवतीचं पातळ पटल ठरवतं. जो पदार्थ पटलातून आत जाऊ शकत नाही तोच पाणी बाहेर ओढून धरतो. हळूहळू आत जाणारा पदार्थ थोडा वेळ ओढतो आणि मग सोडून देतो.

ग्लिसरॉलमध्ये घडलं ते असं. पाणी पटलातून ग्लिसरॉलच्या निदान हजारपट वेगाने जातं, त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत पाणी बाहेर येतं आणि पेशी आकसते. त्याच वेळी ग्लिसरॉलही आत शिरू लागलेलं असतं, पण फार संथपणे. आतलं ग्लिसरॉल वाढेल तसा पेशीरस बाहेरच्या द्रावणापेक्षा किंचित तीव्र होतो आणि तेवढं पाणी मागोमाग आत येतं. दर क्षणाला थोडं ग्लिसरॉल, थोडं पाणी. दीड तासाने गोळा भिंतीला टेकतो. सुक्रोजचा रेणू मोठा, आठ हायड्रॉक्सिल गट असलेला. पटलाच्या तेलकट गाभ्यात शिरायचं तर या सगळ्या गटांना पाण्याची संगत सोडावी लागते, म्हणून दोन तासांत तो नोंद घेण्याइतका आत जात नाही. सोडियम आयनाची तर गोष्टच सोडा. नुसत्या मेदाच्या दुहेरी थरातून तो पाण्याच्या अब्जपट किंवा त्याहूनही संथ जातो. त्याच्यासाठी प्रथिनांची दारं असावी लागतात.

पंपाचा इथे संबंध नाही. पाण्याचा पंप कोणत्याच पेशीत सापडलेला नाही. पाणी नेहमी उतारानेच वाहतं, पेशी फक्त उतार तयार करते. शिवाय तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत करणारा तो पंप प्राण्यांच्या पेशींतला आहे. रिओसारख्या वनस्पतीच्या पटलावर त्या जागी प्रोटॉन पंप असतो. परीक्षेत हे दोन्ही सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

निळ्या रंगासाठी आधी युरियाच्या द्रावणाचा सामू पाहा, पट्टीने तपासला तरी पुरे. ताजं द्रावण उदासीनाच्या आसपास असतं. चार-सहा दिवस ठेवलेलं, विशेषतः जिवाणू शिरलेलं, अमोनिया सोडतं. अमोनिया भाररहित आणि लहान, त्यामुळे काही सेकंदांत पटल ओलांडून रिक्तिकेत (पेशीतल्या रसाच्या पिशवीत) पोचतो. तिथलं आम्ल तो कमी करतो आणि अँथोसायनिन हे तिथलं रंगद्रव्य जांभळ्यावरून निळ्याकडे सरकतं. म्हणजे तुम्हाला नकळत पटलपारगम्यतेचा आणखी एक प्रयोग दिसला. मुद्दाम करून पाहायचा तर एका सालीवर अगदी विरळ अमोनिया, दुसरीवर तेवढ्याच सामूचं सोडियम हायड्रॉक्साइड. पहिलीचा रंग लगेच बदलतो. दुसरीचा बराच वेळ तसाच राहतो, आणि बदलतो तेव्हा पटल फाटायला लागलेलं असतं.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. १७.१ ग्रॅम सुक्रोज स्वतःच सुमारे १०.५ मिलि जागा घेतं. तुमचं द्रावण ११० मिलिच्या थोडं वर गेलं असेल, म्हणजे मोलरिटी ०.४५ च्या आसपास. मोलरच हवं असेल तर थोड्या पाण्यात विरघळवून मग मापन-चंबूत १०० मिलिच्या रेघेपर्यंत पाणी भरा. ग्लिसरॉल पिपेटने घेऊ नका, ते आतल्या काचेला चिकटून राहतं आणि माप कमी भरतं. ४.६ ग्रॅम तोलून घ्या. युरिया ३.० ग्रॅम. तो विरघळताना द्रावण थंड पडतं, म्हणून खोलीच्या तापमानाला आल्यावरच रेघेपर्यंत भरा. सोडियम क्लोराइड १.४६ ग्रॅम.

काचपट्टी

म्हणजे ग्लिसरॉलमधल्या पेशी जिवंत असाव्यात. पण खात्री कशी करायची? आणि दोन तासांत कव्हरस्लिपखालचं पाणी उडून द्रावण तीव्र झालं असेल, तर निष्कर्ष बिघडत नाही का?

पापुद्रा

पाणी उडालं असतं तर द्रावण तीव्र होऊन पेशी आणखी आकसल्या असत्या. तुमच्या उलट्या फुगल्या, म्हणजे ग्लिसरॉलचं निरीक्षण त्यातून सुटतं. सुक्रोज आणि मिठाच्या स्लाइडबद्दल मात्र शंका घेता येईल. दोन तासांचा प्रयोग स्लाइडवर ठेवू नयेच. झाकलेल्या वॉचग्लासमध्ये पाच मिलि द्रावणात साल ठेवा आणि बघण्यापुरती त्याच द्रावणाच्या थेंबात स्लाइडवर घ्या. स्लाइडवरच ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडांना व्हॅसलीन लावा.

जिवंत की मेलेली, हे तपासायला तीन गोष्टी बघा. मेलेल्या पेशीचा रंग रिक्तिकेत राहत नाही, तो भिंतीपर्यंत आणि बाहेर पसरतो. फुगलेली पण फिकट, सगळीकडे सारखीच रंगलेली पेशी दिसली तर ती परत भरलेली धरू नका, ती फुटलेली आहे. दुसरी कसोटी जास्त भरवशाची: ग्लिसरॉलमधली साल १ मोलर सुक्रोजमध्ये टाका. जिवंत पेशी पाच-दहा मिनिटांत पुन्हा आकसते, मेलेली ढिम्म राहते. ०.५ मोलर सुक्रोज इथे पुरेल असं धरू नका, कारण आता पेशीत स्वतःचे विद्राव्य अधिक ग्लिसरॉल असा दुहेरी साठा आहे. तिसरी कसोटी न्यूट्रल रेड या तांबड्या रंगाची. ०.०१ टक्के द्रावणात दहा मिनिटं ठेवलं की जिवंत पेशीच्या रिक्तिकेत तो साठतो. पण जांभळ्या सालीवर तांबडा रंग ओळखणं अवघड, म्हणून हे कांद्याच्या आतल्या बिनरंगी पापुद्र्यावर करा.

मिठाच्या पेशी मेल्या त्याचं कारण बहुतेक नुसतं सोडियम क्लोराइड हेच. एकट्या सोडियमच्या तीव्र द्रावणात पटलाला चिकटून असलेलं कॅल्शियम निघून जातं आणि पटल गळकं होतं. ५ ते १० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड मिसळा. परासरणात त्याने नगण्य फरक पडतो, पण पेशी बऱ्याच जास्त वेळ टिकतात.

सालीबद्दलही सांगायला हवं. तिच्या बाहेरच्या बाजूला क्यूटिकल, म्हणजे मेणचट थर आहे, त्यातून द्रावण जवळजवळ शिरतच नाही. सोललेली, म्हणजे आतली बाजू द्रावणाला टेकेल अशी ठेवा. मागे हिरव्या पेशींचे थर चिकटले असतील तर ते खरवडा किंवा दुसरी साल घ्या. ५० मायक्रॉन अंतर विसरणाने पार करायला लहान रेणूला दोन-तीन सेकंद लागतात, १ मिलिमीटरला मात्र पंधरा-वीस मिनिटं, कारण वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. जाड सालीत "पेशी उशिरा आकसल्या" असं जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा पटलाविषयी नसतंच. द्रावणाला तिथवर पोचायला लागलेला तो वेळ असतो.

आणि आकसलेला गोळा व भिंत यांच्यामधल्या जागेत काय असतं? हवा नाही, निर्वात पोकळीही नाही. तिथे बाहेरचंच द्रावण असतं. भिंत त्याला अडवत नाही.

मोजपट्टी

"दीड तासात भरल्या" असं लिहिण्याऐवजी आकडा काढता येतो आणि तो काढण्यासारखा आहे. रिओच्या पेशी बहुकोनी, त्यांचं आकारमान मोजणं कटकटीचं. लाल कांद्याच्या बाहेरच्या रंगीत सालीतल्या लांबट पेशी घ्या. गोळ्याची दोन्ही टोकं छान गोलाकार झाल्यावर मोजायला लागा, ती खोलगट असताना मोजू नका.

हॉफ्लरची पद्धत अशी: गोळ्याच्या लांबीतून पेशीच्या रुंदीचा एक तृतीयांश वजा करा आणि उत्तराला पेशीच्या लांबीने भागा. टोकं अर्धगोल धरल्यावर गोळ्याचं घनफळ एवढंच निघतं, म्हणून तो तृतीयांश. नेत्रिकेतल्या पट्टीचं अंशांकन करायचीही गरज नाही. शेवटी गुणोत्तरच घ्यायचंय, पट्टीवरची नुसती घरं मोजली तरी भागतं.

समजा पेशी २०० मायक्रॉन लांब, ४५ रुंद, आणि ०.५ मोलर ग्लिसरॉलमध्ये दहाव्या मिनिटाला गोळा १३५ मायक्रॉनचा. (१३५ वजा १५) भागिले २०० म्हणजे ०.६०. याला बाहेरच्या ०.५ ने गुणलं की ०.३०. पेशीच्या पूर्ण घनफळामागे आत ०.३० मोलरइतके विद्राव्य आहेत असा त्याचा अर्थ. चाळिसाव्या मिनिटाला तोच गोळा १५९ चा झाला: (१५९ वजा १५) भागिले २०० म्हणजे ०.७२, गुणिले ०.५ म्हणजे ०.३६. तीस मिनिटांत ०.०६ मोलर ग्लिसरॉल आत आलं. हा झाला वेग. असं दहा-पंधरा पेशींत, प्रत्येक वेळी त्याच पेशी शोधून करा. क्षेत्राचं साधं रेखाटन वहीत असल्याशिवाय तीच पेशी सापडत नाही. दहाव्या मिनिटापर्यंत थोडं ग्लिसरॉल आधीच शिरलेलं असतं, म्हणून ०.३० हा मूळ पेशीरसाचा आकडा समजू नका. तो सुक्रोजमध्ये वेगळा काढा.

याच हिशेबातून एक गंमत निघते. मूळ विद्राव्य ०.३० धरले तर गोळा भिंतीला टेकतो तेव्हा आत ग्लिसरॉल फक्त ०.२ मोलर असतं, बाहेरइतकं ०.५ नसतं. भरलेली दिसल्यावरही ग्लिसरॉल शिरतच राहतं, फक्त आता आकार न वाढता ताण वाढतो. सगळं थांबेपर्यंत आत ०.३ अधिक ०.५ म्हणजे ०.८. २७ अंश सेल्सिअसला ०.१ मोलर अविद्युत (आयन न सोडणाऱ्या) विद्राव्याचा परासरण दाब साधारण ०.२५ मेगापास्कल येतो. आता ही पेशी धुवायची म्हणून थेट शुद्ध पाण्यात टाकली तर पटलावर आणि भिंतीवर २ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे जवळपास २० वातावरणांइतका दाब येऊ शकतो. एरवी तिला ०.७५ ची सवय. "धुतल्यावर सगळ्या पेशी फुटल्या" ही नेहमीची तक्रार बहुतेक इथूनच येते. आधी आकसलेल्या पेशीने जास्तीचं पटल आत ओढून घेतलेलं असतं, आणि पटल स्वतः दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त ताणलं की फाटतं. ०.४, ०.३, ०.२, ०.१ मोलर ग्लिसरॉल अशा पायऱ्यांनी खाली आणा. प्रत्येक पायरीवर ग्लिसरॉललाही बाहेर पडायला वेळ द्या, पाच मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास तरी.

बँड_तीन

अर्धपारगम्य यांच्या मुद्द्याला तांबड्या रक्तपेशींचं उदाहरण जोडतो, कारण तिथे भिंत नसल्यामुळे निकाल हो किंवा नाही असा मिळतो. ५ मिलि द्रावणात रक्तपेशींच्या निलंबनाचा (द्रवात तरंगत ठेवलेल्या पेशींचा) एक थेंब, नळीमागे छापील कागद. द्रावण गढूळ असेपर्यंत अक्षरं दिसत नाहीत, पेशी फुटल्या की द्रावण तांबडं पण पारदर्शक होतं आणि अक्षरं वाचता येतात. घड्याळ तिथे थांबवायचं.

०.१५ मोलर सोडियम क्लोराइड: शाबूत. ०.३ मोलर सुक्रोज: शाबूत. ०.३ मोलर युरिया: आकड्याने समपरासारी (पेशीरसाइतक्याच ताकदीचा), तरी मानवी पेशी काही सेकंदांत फुटतात. ०.३ मोलर ग्लिसरॉल: फुटतात, थोड्या उशिरा. गाईच्या पेशी त्याच ग्लिसरॉलमध्ये कितीतरी जास्त वेळ टिकतात. आता सर्वांत महत्त्वाची नळी: ०.१५ मोलर मीठ आणि त्यातच ०.३ मोलर युरिया. पेशी शाबूत राहतात. एकूण तीव्रता दुप्पट, पण आत जाणारा युरिया हिशेबातून गळतो आणि मीठ पेशीला धरून ठेवतं. ही नळी नसेल तर "युरिया विषारी आहे म्हणून पेशी फुटल्या" हा आक्षेप खोडता येत नाही. तुमच्या रिओच्या प्रयोगातही ०.५ मोलर सुक्रोज अधिक ०.५ मोलर ग्लिसरॉल अशी एक वाटी ठेवा. पेशी सुरुवातीला जास्त आकसतील, नंतर नुसत्या सुक्रोजमध्ये जेवढ्या होत्या साधारण तेवढ्यावर येऊन थांबतील.

रक्तपेशीत युरिया इतका वेगाने जातो तो मेदाच्या थरातून नव्हे. त्यासाठी यूटी-बी नावाचं वाहक प्रथिन आहे, आणि किड रक्तगटाची प्रतिजनं याच प्रथिनावर असतात. ज्या थोड्या लोकांत ते प्रथिन नसतं त्यांच्या पेशी २ मोलर युरियातही लवकर फुटत नाहीत, तर इतरांच्या मिनिट-दोन मिनिटांत संपतात. रक्तपेढ्या याचा चाळणी चाचणी म्हणून उपयोग करतात.

प्रयोगशाळेत तांबड्या पेशी काढून टाकायला वापरतात ते अमोनियम क्लोराइडचं द्रावण (१५० मिलिमोलर, सोबत १० मिलिमोलर पोटॅशियम बायकार्बोनेट आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए) याच तत्त्वावर चालतं, पण दोन दारांनी. अमोनिया मेदातून आत जातो आणि आत अमोनियम होऊन अडकतो. आत तयार झालेलं बायकार्बोनेट बँड ३ या प्रथिनामार्फत बाहेर जातं आणि बदल्यात क्लोराइड आत येतं. हिशेब केला तर अख्खं अमोनियम क्लोराइड आत आलं. मागोमाग पाणी, आणि पेशी फुटली. पांढऱ्या पेशींत ही अदलाबदल इतकी जोरात नसते म्हणून त्या तगतात, पण द्रावणात पाच-दहा मिनिटांहून जास्त ठेवल्या तर त्याही बिघडतात.

वर्गात मानवी रक्त मात्र वापरू नका. हातमोजे, हायपोक्लोराइट आणि कचऱ्याची व्यवस्था जिथे असते तिथेच हे करावं.

काचपट्टी

युरियाचा सामू ८.५ निघाला. द्रावण नऊ दिवसांचं होतं. ताजं बनवलं, निळा रंग गेला. मिठात कॅल्शियम घातल्यावर पेशींचा रंगही टिकला.

शेवटची शंका. ॲक्वापोरिनचा (पटलातून पाणी जाऊ देणाऱ्या प्रथिनाचा) यात वाटा किती, हे दाखवायला मर्क्युरिक क्लोराइड वापरतात असं वाचलं. या सालीवर चालेल का?

पापुद्रा

नको. पीटर आग्रे यांच्या गटाने १९९२ मध्ये हे प्रथिन बेडकाच्या अंड्यात बनवून घेतलं, तेव्हा विरळ द्रावणात ती अंडी फुगून फुटली आणि पाऱ्याच्या क्षाराने ते फुगणं रोखलं गेलं. तिथे पारा काही मिनिटांपुरता होता, आणि रोखलेला परिणाम दुसऱ्या रसायनाने परत सोडवून दाखवला होता. तुमच्या सालीवर पारा इतर शेकडो प्रथिनांच्या गंधक गटांना चिकटेल, प्रोटॉन पंपही त्यातच आला. पेशी मेल्या की पाणी थांबलं, हे सांगता येणार नाही. शिवाय ते विष आहे आणि त्याची विल्हेवाट वेगळी लावावी लागते.

दुसरं म्हणजे, ॲक्वापोरिन बंद केल्याने गोळा किती आकसेल हे बदलत नाही, फक्त किती वेळात आकसेल ते बदलतं. हा फरक सेकंदांचा, आणि सालीतून द्रावण पोचायलाच मिनिटं लागतात. तुमच्या मांडणीत तो दिसणारच नाही. तो मोजायचा तर प्रद्रव्यगोल, म्हणजे भिंत काढलेल्या सुट्या पेशी, घ्याव्या लागतात, आणि द्रावण एका झटक्यात बदलणारी वाहती नळी लागते.